माझे टी सेल आणि सरोदेचे

२८ जानेवारी, मंगळवार. सकाळ.

लघवी पिवळी. पाणी कमी पडलं असेल. सव्वीस वर्षं बोदवडच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोय, हितेंद्र भारंबे लघवीच्या रंगाला घाबरणाऱ्यांतला नाही.

आजपासून ही वही. कोणी वाचायची नाही. मी मेलो (मरणार नाही) तरी दिपमालाने उघडायची नाही. बायको असली म्हणून काय झालं. उद्देश शास्त्रीय. शिवाय २२ फेब्रुवारीला संस्थेची बैठक आहे, त्यात नवा उपप्राचार्य ठरणार. तोपर्यंत सरोदे काय काय करतो ते तारखेसकट लिहून ठेवलेलं बरं.

सरोदे म्हणजे नीलेश सरोदे, केमिस्ट्री. माझ्याहून अकरा महिन्यांनी ज्युनिअर. पोरांशी हसून बोलतो. पोरांना ते आवडतं. पोरांना गुटखाही आवडतो.

२९ जानेवारी.

भूक नाही. दिपमालाने वरण-बट्टी केली होती. वास आला आणि ताटावरून उठलो. तिने विचारलं काय झालं. म्हटलं, बट्टी कच्ची आहे. तिने बोलणं बंद केलं. बरंच झालं, डोकं दुखत होतं.

कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरचा परीक्षक म्हणाला, सर, तुमचे डोळे पिवळे वाटतात. त्याला चष्म्याचा नंबर तपासायला सांगितलं.

३० जानेवारी.

डोळे पिवळे आहेत. बाथरूममधल्या नव्या बल्बमुळे. गच्चीत उन्हात जाऊन पाहिलं, तिथेही पिवळे. आरसा जुना आहे.

चांगली बातमी: सरोदे आज आला नाही. प्राचार्यांनी सांगितलं, त्याला कावीळ झाली. मला हसू आवरेना. इम्युनिटी कमी, दुसरं काय. माणूस सतत गोड हसत राहिला की शरीर ढिलं पडतं. माझ्या अंगात त्या बाबतीत काही कमतरता नाही.

संध्याकाळी दोन उलट्या. ॲसिडिटी.

१ फेब्रुवारी, शनिवार. जळगाव.

कावीळ. दिपमालाने न विचारता गाडी ठरवली आणि इथे आणून टाकलं.

डॉक्टर कोण तर नाजमीन. आमच्या गावच्या जब्बारभाई कूलरवाल्यांची मुलगी, माझीच विद्यार्थिनी. बारावीला हृदयाच्या आकृतीत डावं-उजवं उलट काढलं होतं, तीसपैकी अठरा दिले होते. आता एमडी झालीय. म्हणाली, "सर, घाबरू नका." मी कशाला घाबरू? अठरा मी दिले होते.

रिपोर्ट: हेपॅटायटिस ई. ए नाही, बी नाही, थेट ई. दूषित पाण्यातून येतो म्हणे. एसजीपीटी २१००. नॉर्मल चाळीसच्या आसपास असतो. बिलिरुबिन ८, म्हणजे पिवळेपणा. आयएनआर १.४, तो रक्त गोठण्याचा मामला, लिव्हरशी त्याचा काय संबंध.

रूम नंबर सहा. दोन खाटा. दुसरीवर सरोदे.

"या सर," म्हणाला. मी भिंतीकडे तोंड केलं.

२ फेब्रुवारी.

नाजमीनने दोघांना एकत्र विचारलं: महिना-दीड महिन्यापूर्वी तुम्ही दोघांनी कुठे काही खाल्लं-प्यायलं होतं?

१५ डिसेंबर. स्टाफची भरीत पार्टी, माझ्या शेतात. चौदा माणसं. मी ताबडतोब सांगितलं की ताक सरोदेने आणलं होतं.

सरोदे म्हणाला, "ताक सगळ्यांनीच घेतलं होतं, सर." तोंडावर बोलला. नोंद केली.

बाकी बारा जण जारचं पाणी प्यायले. मी जारचं पीत नाही. माझ्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून विकावं असं आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर तांब्याभर प्यायलो आणि सरोदेला म्हटलं, काय केमिस्ट्रीवाले, भीती वाटते का, पिऊन दाखवा. तो प्यायला. वर आणखी एक ग्लास मागून घेतला, म्हणाला गोड आहे पाणी. ढोंगी.

हे सगळं नाजमीनला सविस्तर सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सुचवलं की ताकाची तपासणी व्हावी. दीड महिन्यापूर्वीचं ताक आता कुठून आणणार, म्हणाली. पुरावे असेच नष्ट होतात.

३ फेब्रुवारी.

नाजमीनला म्हटलं, व्हायरस लिव्हर खातोय आणि तू नुसतं सलाइन लावतेस. त्याला मारायचं औषध दे.

ती खुर्ची ओढून बसली. मला शिकवायला! म्हणाली, "सर, व्हायरस लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि तिथे बसून स्वतःच्या कॉप्या काढतो. पेशीला तो फारसं काही करत नाही. पेशी मारताहेत ते तुमचेच टी सेल, इम्युनिटीच्या पांढऱ्या पेशी. ज्या पेशीत व्हायरस दडलाय ती अख्खी पेशीच मारावी लागते त्यांना. मेलेल्या पेशींतून जे रक्तात सांडतं तो तुमचा एसजीपीटी. त्यांना त्यांचं काम करू द्यायचं. आपण फक्त आराम करायचा आणि लिव्हरवर दुसरं ओझं टाकायचं नाही."

मला सगळं माहीत होतं. पुस्तकात आहे. या पद्धतीने कोणी मांडत नाही, एवढंच.

पण पुढचा निष्कर्ष माझा: एसजीपीटी जितका जास्त, तितके टी सेल कडक. माझा आज २९००. सरोदेचा १२००. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात दोन्ही आकडे वाचले.

"सर, काळजी घ्या," म्हणाला. जळतो.

संध्याकाळच्या राउंडला नाजमीनने आणखी ज्ञान दिलं. काही टी सेल या व्हायरसला ओळखतसुद्धा नाहीत. आजूबाजूला धुमाकूळ चाललाय म्हणून भडकतात आणि चांगल्या पेशींवरही तुटून पडतात. त्यांना आवरणारे टी सेल वेगळे असतात. ते कमी पडले की नुकसान वाढतं.

दिपमाला संत्रं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या घरात आहे असा एक."

सरोदे खोकला. तो खोकला नव्हता.

५ फेब्रुवारी. बोदवड.

दोघांनाही घरी सोडलं. एकाच गाडीतून जाऊ म्हणत होता सरोदे. आम्ही वेगळी केली.

सूचना: आराम. साधं जेवण. चार-पाच दिवसांनी रक्त तपासायचं. झाडपाल्याचं काही घ्यायचं नाही. झोपेचं उलटसुलट झालं किंवा गोंधळल्यासारखं वागले तर त्याच क्षणी घेऊन यायचं. दिपमालाने विचारलं, गोंधळल्यासारखं म्हणजे कसं? नाजमीन म्हणाली, नेहमीपेक्षा वेगळे वागले तर.

संकल्प: १) पूर्ण आराम. २) २२ तारखेच्या भाषणाची तयारी. ३) कोणावरही चिडायचं नाही.

तिसरा संकल्प दूधवाल्याने पावणेसातला मोडायला लावला.

१० फेब्रुवारी.

एसजीपीटी ३४००! बिलिरुबिन ११. बोदवड तालुक्यात इतका कोणाचा नसेल. सरोदेचा ६०० वर आलाय, बिलिरुबिनही नऊवरून पाचवर. त्याच्या टी सेलनी लढाईच सोडली. स्वभाव शेवटी पेशींतही उतरतो.

दुपारी त्याचा फोन. आवाजात चिंता वगैरे आणून म्हणाला, सर, तुमचा वाढतोय असं कळलं, नाजमीनला एकदा दाखवून याल का, माझी गाडी आहे. माझे रिपोर्ट याला कोणी सांगितले? दिपमालाला विचारलं. ती म्हणाली, मी. आज तीन तास बोललो नाही तिच्याशी. तिच्या लक्षात आलं नाही.

१४ फेब्रुवारी.

एसजीपीटी ११०० वर उतरला. आधी जरा खटकलं. मग ध्यानात आलं: शत्रू संपला! मारायलाच कोणी उरलं नाही, म्हणून आकडा खाली. माझ्या टी सेलनी चार दिवसांत काम तमाम केलं. सरोदेचा २४० आहे, पण तो न लढता उतरलेला.

नाजमीनचा फोन आला. म्हणाली, "सर, एसजीपीटी उतरला ते चांगलंच असेल असं नाही. मरायला पेशी कमी उरल्या तरी तो उतरतो. बिलिरुबिन १६ झालंय, आयएनआर १.९. आजच दाखल व्हा." डावं-उजवं उलट करायची सवय गेली नाही पोरीची. म्हटलं, २२ तारीख होऊ दे. म्हणाली, काकूंना फोन द्या. म्हटलं, ती देवळात गेली आहे.

दिपमाला स्वयंपाकघरात होती. तिने विचारलं कोणाचा फोन. म्हटलं नाजमीनचा, सगळं उत्तम आहे म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जरा सुटल्यासारखं दिसलं. मग मी नंबर ब्लॉक केला, घरच्या दोन्ही मोबाइलवर. गडबड नको.

१५ फेब्रुवारी.

अंग इतकं पिवळं आहे की चादरीला रंग लागतो. २२ तारखेला संस्थेच्या अध्यक्षांसमोर असा कसा उभा राहू? सरोदे परवा गल्लीतून गेला, चेहरा जवळजवळ माणसासारखा झालाय.

त्याचा पिवळेपणा इतक्या लवकर उतरणं नैसर्गिक नाही. दिपमालाचा भाऊ किरण धुळ्याला असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, भावजी, पिंपळनेरला झुंबरबाई म्हणून आहेत, काविळीचं औषध देतात, लांबून लांबून लोक येतात.

लांबून. म्हणजे बोदवडहूनही. कळलं मला सरोदेचं गुपित.

मी विज्ञानाचा माणूस आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. परवा जाणार आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार. धुळे, किरणच्या घरी.

दिपमालाला सांगितलं, अध्यक्षांना भेटायला पारोळ्याला जातो. धुळ्यापर्यंत भाड्याची गाडी, पुढे किरणची. साक्रीपासून पुढे तीनदा गाडी थांबवावी लागली. किरण चांगला आहे पण गाडी गचके देत चालवतो.

झुंबरबाई सत्तरीच्या. ओट्यावर लसूण सोलत होत्या. माझी पापणी खाली ओढून बघितली, तळवा बघितला, आणि औषध द्यायचं सोडून म्हणाल्या, "भाऊ, तू दवाखानामा जाय. हाई मन्हा हातनं काम नही शे." मी ओळख सांगितली, जीवशास्त्राचा प्राध्यापक आहे म्हटलं. त्यांच्यावर परिणाम झाला नाही. दीड तास बसून राहिलो. शेवटी किरणच्या तोंडाकडे बघून तीन पुड्या दिल्या. "तीन दिननं शे. बठ्ठं एकदम लेवानं नही. उलटी व्हयनी ते सोडी दे आनि दवाखानामा जाय."

सहज विचारलं, बोदवडचे नीलेश सरोदे येऊन गेले का? म्हणाल्या, "कोन सरोदे?" पेशंटची माहिती फोडत नाहीत. बाई व्यवसायाने पक्की आहे.

आज १७. बैठक २२ ला. तीन दिवसांचा कोर्स परवडणारा नाही. किरणच्या घरी तिन्ही पुड्या एकदम घेतल्या, ताकातून. मेडिकलमध्ये याला लोडिंग डोस म्हणतात.

१८ फेब्रुवारी. बोदवड.

रात्रीपासून सहा उलट्या. औषध लागू पडतंय. दिपमालाला म्हटलं, पारोळ्याला अध्यक्षांकडचा चहा बाधला.

१९ फेब्रुवारी.

दिवसभर झोप. भाषण लिहायला घेतलं. आदरणीय अध्यक्ष. आदरणीय अध्यक्ष आणि. पुढचं उद्या.

पेन जड आहे. नवीन आणायला पाहिजे.

३० फेब्रुवारी

ऊन किती छान आलंय खिडकीत. पिवळं.

नीलेश चांगला माणूस आहे. तो वर्गात केमिस्ट्रीतला मोल समजावून सांगतो तेव्हा मी जिन्यात उभा राहून ऐकतो. तीन वर्षं. तीन वर्षं ऐकतो. इतकं सोपं करतो की मला कळतं.

दिपमालाला सांगायचं बट्टी चांगली होती. बट्टी कच्ची नव्हती. चांगली बट्टी.

अठरा कमी झाले त्या पोरीला. बावीस. बावीस द्यायला पाहिजे होते.

सगळे किती चांगले

१ मार्च, शनिवार. जळगाव. रूम नंबर चार.

काल आयसीयूतून बाहेर काढलं. वरची ३० फेब्रुवारीची नोंद माझी नाही. अक्षर माझ्यासारखं आहे, मजकूर माझा नाही. पान फाडणार होतो, पण मागच्या बाजूला भाषणाची सुरुवात आहे.

काय झालं ते दिपमालाकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. ती सांगते तसं लिहितो. सत्य वेगळं असू शकतं.

२१ तारखेला, शुक्रवारी, सरोदे प्रॅक्टिकलच्या गुणपत्रकावर सही घ्यायला घरी आला. दार मी उघडलं. म्हणे मी त्याला म्हणालो, "या नीलेशभाऊ, या." माझ्या खुर्चीवर त्याला बसवलं. माझ्या खुर्चीवर दिपमालाही बसत नाही. मग त्याचा हात हातात घेऊन म्हणालो, तुमच्यासारखं शिकवणं मला कधी जमलं नाही, उपप्राचार्य तुम्हीच व्हा.

सरोदे उभा राहिला. दिपमालाला म्हणाला, "वहिनी, मी गाडी घेऊन येतो. सर बरे नाहीत."

ती म्हणाली, "असं काय म्हणता? सकाळपासून किती छान बोलताहेत. मला म्हणाले बट्टी चांगली होती. मला वाटलं आजारपणाने माणूस सुधारला."

"वहिनी," तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतो."

त्याने मला विचारलं आज वार कोणता. मी म्हणालो, पिवळा.

त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा पिवळेपणा अजून उतरला नव्हता, डॉक्टरने घराबाहेर पडू नका सांगितलेलं. तशा अवस्थेत गाडी चालवत मला जळगावला आणलं. दिपमाला मागे माझं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत भुसावळला मी उतरून पेढे घ्यायचा हट्ट धरला. कोणासाठी, तर सगळ्यांसाठी.

आयएनआर ३.२. लिव्हरने काम जवळपास टाकून दिलं होतं आणि रक्तातली घाण मेंदूपर्यंत गेली होती. नाजमीनने दिपमालाला बाजूला नेऊन सांगितलं, मुंबईची तयारी ठेवा, लिव्हर बदलायची वेळ येऊ शकते, आणि तेवढा वेळ मिळेलच असं नाही. दिपमाला हे सांगताना खिडकीकडे बघत होती. पाच दिवस ॲम्ब्युलन्सवाल्याला सांगून ठेवलेलं. सहाव्या दिवशी आकडा वळला आणि मी नर्सला शिवी दिली. दिपमाला म्हणते तेव्हा ती रडली. आनंदाने. मला यात आनंदासारखं काही दिसत नाही.

सरोदे दोन दिवस बाहेरच्या बाकावर होता. तिसऱ्या दिवशी नाजमीनने त्यालाच रागावून एक खाट दिली.

अर्थात २२ तारखेच्या बैठकीला तोही गेला नाही. उपप्राचार्य झाल्या हमीदा मॅडम, भूगोल, आम्हा दोघांहूनही पाच वर्षांनी ज्युनिअर.

विचार केला तर डाव स्पष्ट आहे. मला पद मिळू नये म्हणून या माणसाने स्वतःचंही घालवलं. किती खालच्या थराला जातात लोक.

३ मार्च.

पुड्यांचं किरणने कबूल केलं. नाजमीनने मला ओरडावं अशी अपेक्षा होती, उत्तर तयार होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "सर, तुमचे टी सेल त्यांचं काम करतच होते. थोडा वेळ द्यायचा होता." आणि गेली. तयार केलेलं उत्तर वाया गेलं.

सरोदे भेटायला आला तेव्हा त्याला सरळ विचारलं, पिंपळनेरला किती वेळा गेला होतात? म्हणाला, "पिंपळनेर? मी तर नुसता झोपलो होतो, सर. खिचडी आणि झोप."

यावर विश्वास ठेवणं कठीण आहे, पण ठेवावा लागेल असं दिसतं.

दिपमालाला माझ्या मोबाइलमध्ये नाजमीनचा ब्लॉक केलेला नंबर सापडला. मग तिने स्वतःच्या मोबाइलमध्ये पाहिलं. डबा आणला, ठेवला, आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. ती बोलत नाही याचा पहिल्यांदाच त्रास झाला. सलाइनमुळे असेल.

१० मार्च. बोदवड.

घरी. बिलिरुबिन ६, आयएनआर १.२. एसजीपीटी ९०. या आकड्यात सांगण्यासारखं काही राहिलं नाही.

आरोग्य खात्याची माणसं शेतात येऊन विहिरीचं पाणी घेऊन गेली होती. रिपोर्ट: पिण्यास अयोग्य. शेजाऱ्याच्या संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा फुटांवर निघाला. शेजाऱ्याला भेटून दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, खड्डा आठ वर्षांपूर्वी तुम्हीच जागा दाखवून खणायला लावला होता. घरी आलो.

१५ मार्च.

दिपमाला बोलू लागली. पहिलं वाक्य: "सरोदेंकडे जाऊन या. पाच मिनिटं लागतात."

म्हटलं, कशाला? ती म्हणाली, कशाला हे तुम्हाला मी सांगायचं असेल तर राहू द्या.

संकल्प: उद्या जाणार.

१६ मार्च. गेलो. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी कुत्रं होतं.

१८ मार्च. गेलो. तो घरी नसावा. स्कूटर होती, पण माणूस चालतही जातो.

२१ मार्च.

मेसेज पाठवायचा ठरवला. शास्त्रीय, मुद्देसूद. "आपण दिनांक २१ फेब्रुवारी रोजी केलेल्या" इथपर्यंत लिहिलं, पुसलं. "थँक्यू" लिहिलं, फार पोरकट वाटलं, पुसलं. चुकून अंगठा गेला. लगेच त्याचं उत्तर: "सर, बरं आहे ना सगळं?"

माणूस साधा अंगठा नीट घेऊ शकत नाही.

दिपमालाने विचारणं बंद केलं आहे.

२६ मार्च.

आजपासून कॉलेजात. अर्धा दिवस. हमीदा मॅडमनी उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा दिला. खुर्ची साधीच आहे. एक पाय डगमगतो.

माझा अकरावीचा तास सुटल्यावर जिन्यात थांबलो. सरोदे आत अकरावीलाच मोल सांगत होता. एका पोरीला कळलं नाही, त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तितक्याच आवाजात. मी असतो तर पट्टी आपटली असती. जिन्यात मी थांबतो हे खरं आहे. गुडघा दुखतो.

त्या ३० फेब्रुवारीच्या पानावरची बट्टीची नोंद परत वाचली. बट्टी कच्ची नव्हती. २९ जानेवारीला माझीच भूक गेली होती. ही दुरुस्ती केवळ शास्त्रीय अचूकतेसाठी.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी गुढी उभारली. दिपमालाला म्हटलं, जरा फिरून येतो. सरोदेच्या गल्लीत कुत्रं नव्हतं. दार त्यानेच उघडलं. मला आत घेऊन बसवलं, त्याच्या बायकोने श्रीखंडाची वाटी दिली.

ठरवून गेलो होतो, दोन वाक्यं बोलायची आणि उठायचं. ती दोन वाक्यं राहिली बाजूला. मग भलतंच निघालं. म्हटलं, "नीलेशभाऊ, तुम्ही नसता तर आज माझ्या घरावर गुढी नसती. ते पाणी मी तुम्हाला चिडवून पाजलं. ताकाचं काही नव्हतं. तुमचं पद माझ्यामुळे गेलं. आणि तुम्ही मोल फार चांगलं शिकवता." डोळ्यांतही काहीतरी आलं. हात थरथरत होते, म्हणून वाटी खाली ठेवली.

सरोदेचा चेहरा उतरला. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सर, आज वार कोणता?"

"रविवार."

"सण?"

"पाडवा. नीलेशभाऊ, मी शुद्धीवर आहे. मनापासून बोलतोय."

"हो हो, सर," तो म्हणाला, लहान मुलाशी बोलावं तसं. "हात असे पुढे करा बरं, पंजे वर." मेंदूवर परिणाम झालाय का ते बघायला दवाखान्यात नाजमीन रोज हेच करायला लावायची. हात थरथरतच होते. आता तर जास्तच. त्याने बायकोला खुणेने गाडीची किल्ली मागितली.

मी पुष्कळ सांगितलं. जितकं सांगावं तितका तो हळुवार होत गेला. ओरडलो असतो तर सुटलो असतो, पण आज ओरडायचं नाही असं ठरवून निघालो होतो. घरासमोर गाडी थांबवून त्याने दिपमालाला बोलावलं. "वहिनी, सर आभार मानताहेत." ती म्हणाली, "खरंच?" तो म्हणाला, "डोळ्यांत पाणी आहे." ती पुरणाचे हात तसेच घेऊन आत गेली आणि माझी फाइल घेऊन आली.

जळगावपर्यंत मागच्या सीटवर तिने माझा हात धरून ठेवला होता. त्याला मी हरकत घेतली नाही.

उद्या ईद. नाजमीन घरी बोदवडला निघालेली, खांद्याला पर्स, हातात पिशव्या. आम्हाला बघून पिशव्या ठेवल्या आणि परत कोट चढवला. सगळं रक्त तपासलं, दोन तास बसवून ठेवलं. बिलिरुबिन १.१. आयएनआर १. एसजीपीटी ३४. सगळं नॉर्मल.

तरीही केसपेपर काढला तिने. विचारलं, "सर, नक्की काय त्रास होतोय?"

म्हटलं, "काही नाही. आभार मानत होतो."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि विचारलं, "केव्हापासून?"